माहिती आपली, हिशेब कुणाकडे?

२०२५ च्या ऑक्टोबरात तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात तासभर बसलो होतो. एक झेरॉक्स मशीन, एक संगणक, लॅमिनेशनचं यंत्र आणि बाहेर बाकडं, एवढंच दुकान. बाकड्यावर आणि पायरीवर मिळून पंधरा-वीस बायका होत्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी चालू होती. दरमहा १५०० रुपये मिळत राहायचे, तर स्वतःचं आधार आणि त्याच्या जोडीला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार संकेतस्थळावर पडताळून घ्यायचं होतं. दुकानातला मुलगा नंबर टाकायचा आणि हाक मारायचा, “मावशी, ओटीपी आला का बघा, मोठ्यांदा सांगा.” मावशी सहा आकडे मोठ्यांदा सांगायच्या. पुढचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जायचा. “अरे बाबा, ह्यांचा फोन ह्यांच्यापाशी, आन् ते गेलेत रानात.” मग रानात फोन लावायचा, तिकडून पुन्हा सहा आकडे, पुन्हा मोठ्यांदा. एका बाईंचे पती वारले होते, वडीलही नव्हते. त्यांनी कुणाचं आधार द्यायचं, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. अशा बायका राज्यभर निघाल्या आणि मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली.

टेबलाखाली एका खोक्यात बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा होता. मी बसलो होतो तिथून सगळ्यात वरच्या कागदावरचा चेहरा, जन्मतारीख, पत्ता आणि बारा आकडे वाचता येत होते. त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर मुलगा हिशेब लिहीत होता.

त्या मुलाला दोष द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. उन्हातान्हात आलेल्या बायकांचं काम तो मनापासून करत होता. पण ओटीपी कुणालाही सांगू नका, असं सरकार आपल्याला फोन लावल्या लावल्या ऐकवत आलं होतं, आणि सरकारच्याच योजनेसाठी बायकांना तो चारचौघांत ओरडून सांगावा लागत होता. आपल्याकडची खासगीपणाची सगळी चर्चा या दुकानातून पाहिली की वेगळी दिसते. परदेशी कंपन्या, हेरगिरीची सॉफ्टवेअरं, कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं महत्त्वाचं आहेच. मला मात्र गेल्या पंधरा वर्षांत घडलेली एकच गोष्ट सगळ्यांत गंभीर वाटते. आपल्याविषयीची माहिती सतत वर जात राहिली, आणि वर काय चाललं आहे याची खाली येणारी माहिती आटत गेली.

शब्दापासूनच गडबड आहे. ‘प्रायव्हसी’ला आपण ‘गोपनीयता’ म्हणतो आणि लगेच प्रश्न येतो, “लपवण्यासारखं आहेच काय?” गोपनीय म्हणजे दडवायचं, असा त्या शब्दाचा वास आहे. घरातल्या माजघराला दार असतं, ते काही आत चोरी चालते म्हणून नसतं. कुणाला ओसरीपर्यंत येऊ द्यायचं आणि कुणाला स्वयंपाकघरापर्यंत, हे घरातली माणसं ठरवतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी ‘खासगीपण’ म्हणतो.

या कहाणीची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक एका महिलेला दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला हजर होते. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही अशांना ओळख मिळेल, मधले हात गळतील आणि पैसा थेट पोचेल, असं वचन होतं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. खात्यात थेट जमा होणारी रक्कम ही अनेक बायकांच्या हातातली पहिली स्वतःची रक्कम आहे. पण पुढची जवळपास सहा वर्षं या एवढ्या मोठ्या योजनेला संसदेच्या कायद्याचा आधारच नव्हता. आधार कायदा आला २०१६ मध्ये.

तोवर प्रकरण न्यायालयात पोचलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली, तेव्हा ते ऐंशी पार केलेले गृहस्थ होते. सुनावणीत केंद्र सरकारने भूमिका घेतली की, खासगीपणाचा असा मूलभूत हक्कच घटनेत नाही. त्यासाठी १९५४ च्या आणि १९६२ च्या जुन्या निकालांचा हवाला दिला गेला. त्यामुळे नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसवावं लागलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की, खासगीपण हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. सरकारला या हक्कात हात घालायचा असेल तर तीन कसोट्या लागतील : त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. या तिसऱ्या कसोटीकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, आधारचा निकाल लागला. पाचपैकी चार न्यायाधीशांनी योजना वैध ठरवली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. पण बहुमतानेही बऱ्याच मर्यादा घातल्या. बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारं कलम ५७ त्या प्रमाणात रद्द झालं, शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नको असंही सांगितलं गेलं. सक्ती नाही, हे कागदावर आजही तसंच आहे. आपल्या गावात कुठल्याही बँकेत किंवा लॉजवर जाऊन पाहा. दुसरा पुरावा चालतो हे मागणाऱ्याला माहीत नसतं, देणाऱ्यालाही नसतं, आणि रांगेत मागे दहा माणसं उभी असताना वाद घालायची कुणाची तयारी नसते.

एक प्रसंग या संदर्भात सांगायलाच हवा. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सावध करणारं पत्रक काढलं : आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. दोन दिवसांत केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, असं कारण दिलं. वास्तविक ते पत्रक सरळ, शहाणपणाचं होतं. आधारच्या वाटचालीत सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाचा सल्ला ज्या कागदावर होता, तोच कागद मागे घेतला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कायद्याकडे. नऊ न्यायाधीशांच्या निकालानंतर विदासंरक्षणाचा, म्हणजे डेटा-संरक्षणाचा, कायदा करणं भागच होतं. मुंबई उच्च न्यायालयात काम केलेले आणि मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला चांगले ठाऊक असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. २०१९ मध्ये विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं, ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. नवं विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालं. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. हक्क मान्य झाल्यापासून तो प्रत्यक्षात बजावता येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षं. एवढ्या काळात फोनवरचे व्यवहार कुठल्या कुठे गेले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले.

कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. माहिती कशासाठी हवी ते आधी सोप्या भाषेत सांगायचं, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळायची सोय ठेवायची. दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे. काम संपल्यावर माहिती पुसायची. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं. निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल.

मग अडचण कुठे आहे? तीन ठिकाणी, आणि तिन्ही मला खोलवरच्या वाटतात. दंडाची रक्कम जाते सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती काही पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ होतं, त्याखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येत होती. ते कलमच नव्या कायद्याने काढायचं ठरवलं आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी अडचण सरकारला दिलेल्या सवलतीची. सुरक्षा, सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला जवळपास सगळ्या कायद्यातून वगळू शकतं. प्रमाणाची जी तिसरी कसोटी न्यायालयाने घालून दिली होती, ती या कलमात मला कुठेच सापडत नाही.

तिसरी अडचण महाराष्ट्राला सर्वांत जास्त लागावी अशी आहे. माहिती अधिकाराची चळवळ इथे वाढली. अण्णा हजारे यांच्या उपोषणांनी राज्याचा २००२ चा कायदा झाला, देशाचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. त्यातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये एक समतोल होता. एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल, किंवा ती उघड केल्याने विनाकारण त्याच्या खासगीपणावर घाला येत असेल, तर ती नाकारता येई. पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही त्यात लिहिलं होतं. नव्या विदा कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं खोडून तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. ही दुरुस्ती मात्र अठरा महिने थांबली नाही, नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आली. जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, असं सरकार सांगतं, आणि ते खरंही आहे. पण माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही विचारा. नाकारायला एक सोपा शब्द मिळाला की माहिती अधिकारी दुसरं कलम उघडत नाही. घरकुलाच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत, रस्त्याचं बिल कुठल्या ठेकेदाराला दिलं, अधिकाऱ्याच्या जातप्रमाणपत्राचं काय झालं, या सगळ्यांत कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. नाव आलं की झाली वैयक्तिक माहिती.

म्हणजे खासगीपणाच्या नावाने कायदा झाला, आणि त्यातून पहिलं संरक्षण मिळालं ते कारभाराला. त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या बायकांना अजून थांबायचं आहे.

पाळत कुणावर जास्त असते, हेही पाहायला हवं. आपण शहरातली माणसं जाहिरातींविषयी बोलतो : घरात मिक्सरचा विषय निघाला आणि फोनवर मिक्सर दिसू लागले. पण चेहरा आणि हालचाल यांचा हिशेब सर्वांत आधी गरिबांना द्यावा लागला. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. मोठ्या गृहसंकुलांत घरकामाला येणाऱ्या बायका किती वाजता आत आल्या, कुठल्या घरात गेल्या, किती वाजता बाहेर पडल्या, याची नोंद ॲपवर राहते. त्या घरच्या मालकांच्या येण्याजाण्याची नोंद त्या बायकांना दिसत नाही.

आणि अंगणवाडी. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर पडताळणं सक्तीचं झालं. मी एका अंगणवाडीत हे काम पाहिलं आहे. सेविकाताई उंबऱ्यात उभ्या राहून बाळंतिणीच्या तोंडासमोर फोन धरतात. “डोळं मिट, उघड. जरा उजेडाकडं बघ गं.” चक्र फिरत राहतं. रेंज येत नाही म्हणून दोघी आंब्याच्या झाडाखाली जातात. कडेवर महिन्याचं बाळ. पूर्वी सासूबाई किंवा नवरा येऊन पाकीट घेऊन जायचे, आता बाईला स्वतःच यावं लागतं. ॲपने चेहरा ओळखला नाही, तर बाळंतिणीला उत्तर कोण देणार? सेविकाच. याच सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सरकारी मोबाइल परत केले होते, कारण फोन निकृष्ट होते आणि ॲप इंग्रजीत होतं. त्या तंत्रज्ञानाच्या विरोधात नव्हत्या, आपल्याला चालवता येईल असं साधन मागत होत्या. आहारात गळती होते हे मान्य. पण ती गोदामात होते, ठेक्यात होते, वाहतुकीत होते. कॅमेरा मात्र रोखला गेला तो पाकीट न्यायला आलेल्या आईवर. प्रमाणाची कसोटी इथे लावा, उत्तर आपोआप मिळतं.

शहरांतले कॅमेरे वेगळा विचार मागतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने सुचवल्यावर मुंबईत सुमारे पाच हजार कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, आणि ते नको होतं असं मुंबईकर तरी म्हणणार नाही. पुढची पायरी मात्र शांतपणे ओलांडली जात आहे. राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र कंपनी काढली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तपासाला मदत करणारी तशी प्रणाली १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. सायबर गुन्ह्यांचे ढीग पाहता तपास अधिकाऱ्याला मदत हवीच आहे. पण यंत्राने चेहरा जुळवून एखाद्याकडे बोट दाखवलं आणि ते चुकलं, तर त्या माणसाने दाद कुठे मागायची? चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. आधी यंत्र, मग कायदा, हा क्रम आधारच्या वेळीही होता.

कंपन्यांविषयी बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२१ मध्ये, फेसबुकबरोबरची माहितीची देवघेव स्वीकारा नाही तर ॲप सोडा, असा पवित्रा घेतला. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातीसाठी माहिती वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. ज्या कंपनीची दिवसाची कमाई याहून कितीतरी जास्त आहे, तिला दंडापेक्षा बंदीच लागली असती. दुकानात बिल करताना मोबाइल नंबरसाठी अडवू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना कळवलं होतं. औषधाच्या दुकानात आजही नंबर आधी विचारतात, औषध नंतर.

हे नंबर, पत्ते, आजार, पॉलिसी कुठे जातात? स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची माहिती, वैद्यकीय अहवालांसकट, २०२४ मध्ये टेलिग्रामवर मिळत होती. दिल्लीच्या एम्सची यंत्रणा नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्लेखोरांनी कित्येक दिवस बंद पाडली होती. फुटलेल्या माहितीचा सगळ्यात क्रूर उपयोग म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. फोन येतो, गणवेशातला माणूस व्हिडिओवर दिसतो, आपलं नाव, पत्ता, बँक सगळं बिनचूक सांगतो. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका, मुलं परदेशी असलेल्या आजी घाबरतात त्या या बिनचूकपणामुळे. “एवढं माहीत आहे म्हणजे पोलीसच असणार,” असं त्यांना वाटतं. नंतर आपणच त्यांना भोळे म्हणतो, हे अन्यायाचं आहे. त्यांची माहिती त्यांनी नाही, दुसऱ्या कुणी तरी सांडलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि १ डिसेंबरला तपास सीबीआयकडे दिला. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत, तशी अटक करता येईल असा कुठलाही कायदा नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना एकदा नाही, वारंवार सांगा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायला सांगा.

आवाजाचंही आता तेच झालं आहे. आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. निकाल योग्यच. पण ज्याचा आवाज जगाला ठाऊक नाही, अशा माणसाच्या आवाजाची नक्कल करून त्याच्या आईकडे पैसे मागितले, तर त्याला उच्च न्यायालय परवडायचं नाही.

तरी मी निराश नाही, आणि त्याला कारण आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार खात्याने सगळ्या फोन कंपन्यांना आदेश दिला की, नव्या प्रत्येक फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून द्या. चोरीचे फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे, पण प्रत्येकाच्या खिशात न विचारता घालायचं कशाला, असा प्रश्न संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत विचारला गेला. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. आदेश निघाल्यापासून सहावा दिवस होता तो.

तसाच आवाज कलम ४४(३) साठी उठायला हवा. माहिती अधिकाराचं जुनं कलम जसंच्या तसं परत द्या, आणि माहिती फुटलेल्या माणसाला भरपाईचा हक्क ठेवा, या दोन मागण्या आपल्या खासदारांपर्यंत पोचवायला पत्र पुरतं. आधारमधली बोटांची आणि डोळ्यांची ओळख फोनवरून कुलूपबंद करता येते, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत फुकट उतरवून घेता येते. वाचता येणाऱ्याने शेजारच्या एका घराला तरी हे करून द्यावं.

त्या दिवशी निघताना मी दुकानातल्या मुलाला टेबलाखालचं खोकं दाखवलं. त्याने वरचा कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “काका, हे फाडायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला.” जिल्ह्यातल्या सगळ्या सेवा केंद्रांच्या आणि झेरॉक्सवाल्यांच्या मुलांना एक दिवस बोलावून हे सांगणं जिल्हाधिकारी कार्यालयाला जमण्यासारखं आहे. पुढच्या पडताळणीची तारीख जाहीर करण्याआधी तेवढं करा.